उजवं, मागचं

थोरली नात अर्पिता हिचं लग्न झालं त्या वर्षी, भाद्रपदातल्या एका बुधवारी, बब्रुवाननं जीप नळदुर्गला शिवानंदच्या गॅरेजपुढं उभी केली. बायकोला, दैवशालाला, हात धरून उतरवलं आणि लिंबाखालच्या बाजेवर निजवलं. आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिससाठी अणदूरहून सोलापूरला न्यावं लागे. उद्या पुन्हा जायचं होतं.

“सोमवारी बोरामणीपाशी कुठल्यातरी चाकातनं घरघर वाढली, गाडी थांबवली,” बब्रुवान म्हणाला. “दीड तास ही रस्त्याच्या कडंला बसली. हायवेवरचा नवा गॅरेजवाला म्हणतोय, चारी बेअरिंग गेलीत, गाडी चार दिवस ठेवा.”

“चारी एकदम कशी जातील, अण्णा? म्हातारपणी दातबी एकेकच पडतोय.”

शिवानंदनं जॅक लावून एकेक चाक हातानं फिरवलं. स्क्रूड्रायव्हरचं टोक एक्सलला टेकवून मूठ कानाला लावली. तीस वर्षं बब्रुवान हे बघत आला होता. दुसऱ्या-तिसऱ्या चाकाला शिवानंद ‘हे’ म्हणायचा आणि उठायचा. आज तो चौथ्या चाकापाशी नुसताच बसून राहिला.

“खोटं कशाला बोलू,” तो म्हणाला. “कान गेलेत माझे. ह्या साली लईच कमी झालंय. तुमी दुसरीकडं दाखवा.”

बब्रुवान हायवेकडं बघत राहिला. ज्याला ऐकू येत होतं त्याच्यावर त्याचा भरोसा नव्हता.

“उजवं, मागचं,” दैवशाला डोळे न उघडता म्हणाली.

दोघंही वळले.

“गाडीत मागं निजते तवा माझ्या डोक्याखालीच असतंय ते. डाव्या वळणाला घरघरतंय, उजव्या वळणाला गप. सोमवारी जाताना बारीक होतं, येताना वाढलं.”

“मग तवाच का न्हाय बोललीस?”

“तुमी इचारलं कुठं? तुमी मेकॅनिकला इचारता.”

शिवानंद हसला नाही. पाना घेऊन उजव्या मागच्या चाकाशी बसला. खोलायला, नवं घालायला दोन तास गेले. जुनं बेअरिंग त्यानं फडक्यानं पुसून दैवशालाच्या हातात दिलं. सुयांनी काळानिळा पडलेला तो हात तिनं कानाशी नेला आणि बेअरिंग बोटानं फिरवलं.

“ह्येच,” ती म्हणाली.

“वैनी, आता असंच करू. तुमी सांगायचं, म्या खोलायचं.”

“हाय तवर सांगीन.”

परतताना वळणावर बब्रुवाननं गाडी हळू केली. मान न वळवता विचारलं, “काय म्हणतंय?”

“गप हाय. चला.”

त्यानंतर जीप सोलापूरच्या रस्त्यात एकदाही थांबली नाही. दैवशाला होळीच्या आदल्या दिवशी, सकाळी, घरीच गेली.