एकवीस अंश

“सकाळपासून हेच करतो आहे, कॅस्मिर. सेफ्टी काढायची, पुन्हा लावायची. गोळी उडवणारा खटका एकदाही आपोआप पडलेला नाही.”

प्रकाशने रिकामे पिस्तूल रबरी चटईवर ठेवले आणि चष्मा पुसला. अल क्वोज या आखाती औद्योगिक वस्तीतल्या गाळ्यात तो कंपनीच्या पिस्तुलांची वॉरंटी-तपासणी करत असे. समोर स्टुलावर बसलेला वसईचा कॅस्मिर फुजैराच्या एका शूटिंग क्लबात रेंज ऑफिसर होता. जुलैतल्या एका भर दुपारी त्याच्या हातातल्या याच पिस्तुलातून गोळी सुटली होती आणि नेमबाजांची लाल रेषा ओलांडून पुढे गेलेला अँड्र्यू जागीच ठार झाला होता. अँड्र्यू हा कॅस्मिरचा जावई.

“ट्रिगरला बोट नव्हतं, साहेब. सेफ्टी काढली आणि उडालं.”

“कॅमेऱ्यात काय दिसतं?”

“माझी पाठ.”

पोलिसांनी पिस्तूल मोहोरबंद पेटीतून इकडे पाठवले होते. त्यात दोष निघाला, तर कॅस्मिर सुटणार होता. दोष निघाला नाही, तर ट्रिगर त्यानेच दाबला असा अर्थ होत होता, आणि पुढे तुरुंग होता. तोवर तो जामिनावर होता. पासपोर्ट जप्त, नोकरीवरून घरी. देश सोडता येत नव्हता आणि राहवतही नव्हते.

“लाल रेषा ओलांडायची त्याला सवयच होती,” कॅस्मिर म्हणाला. “सांगून थकलो.”

गाळ्याचा ड्रायव्हर मुनीर चहा घेऊन आला. कॅस्मिरच्या मांडीवरच्या घडी केलेल्या करड्या स्वेटरकडे पाहून तो हसला.

“हबीबी, अगस्त में स्वेटर? शादी में जाना है क्या, मसूरी?”

“आदत है, भाई.”

दाराशी कॅस्मिरची एकुलती एक मुलगी सेलिन उभी होती. काळा ड्रेस, डावे मनगट प्लास्टरमध्ये. प्रकाशने तिला खुर्ची पुढे केली.

“हाताला काय झालं, बाळ?”

“बाथरूममध्ये घसरले, अंकल.”

कॅस्मिर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिला. निघताना मात्र तो दारातून परत फिरला.

“साहेब, राग मानू नका. तुमच्या इथे फार गार आहे. गारव्यात पिस्तूल शहाण्यासारखंच वागणार.”

दुपारी मॅनेजर निनादचा फोन आला.

“झालं का, सर? ‘नो फॉल्ट फाउंड’ लिहा आणि खलास करा ना. हेड ऑफिस रोज माझं डोकं खातंय.”

“तपासणी संपलेली नाही.”

“किती दिवस चालणार?”

“संपेपर्यंत.”

फोन ठेवल्यावर प्रकाशची नजर एसीच्या पाटीवर गेली. तपासणी एकवीस अंशांनाच करावी, असा कारखान्याचा नियम होता आणि तो त्याने वर्षानुवर्षे निष्ठेने पाळला होता. नियम लिहिणारे लोक बर्फाच्या देशात राहतात, हे त्याच्या आज प्रथमच लक्षात आले. पॉलिटेक्निकमधले त्याचे शिक्षक म्हणत, यंत्र जिथे चालते तिथेच त्याला तपासावे.

त्याने एसी बंद केला. दार लावून घेतले. पत्र्याचे छप्पर तापत गेले, शर्ट पाठीला चिकटला, चष्म्यावर घाम ठिबकू लागला. तापमापकाचा काटा चढत होता. प्रत्येक टप्प्यावर तो सेफ्टी काढत होता.

टक्.

ट्रिगरला स्पर्शही झालेला नव्हता आणि खटका पडला होता. प्रकाशने एसी लावून पिस्तूल गार केले, आवाज नाही. पुन्हा तापवले, टक्. आतला प्लास्टिकचा एक भाग उष्णतेने फुगत होता आणि खटक्याला जागेवरून ढकलत होता. प्रश्न सुटला होता. इतका निखळ आनंद त्याला फार वर्षांनी झाला.

“कंपनी बोंबलेल, सर,” अहवाल वाचून निनाद म्हणाला.

“बोंबलू दे. एक माणूस हकनाक आत जाणार होता.”

कंपनीने वाद घातला नाही. जुलैची दुपार, फुजैराचे ऊन. परदेशातल्या साहेबांना ते सहज पटले. प्रकाशलाही कधी शंका आली नव्हती. फुजैराच्या वाटेवर, डोंगराच्या पायथ्याशी, उघड्या आकाशाखाली मातीच्या तबकड्या फोडणारे नेमबाज त्याने मागे गाडीतून पाहिले होते. कंपनीने त्या खेपेतली सगळी पिस्तुले बदलून द्यायचे मान्य केले आणि कॅस्मिरवरचा खटला निकाली निघाला.

थंडी सुरू होण्याआधी बापलेक पुन्हा आले. कॅस्मिर कामावर परत रुजू झाला होता. क्लबचे बदली पिस्तूल न्यायला क्लबच्या गाडीतून तो ड्यूटी संपताच थेट निघाला होता. सेलिनने टेबलावर वसईच्या सुकेळ्यांचा पुडा ठेवला. तिच्या हाताचे प्लास्टर निघाले होते. ती चक्क हसत होती.

“आता बाथरूममध्ये जपून हं,” प्रकाश म्हणाला.

“आता नाही घसरणार, अंकल.”

कॅस्मिरने सही करून पेटी घेतली. त्याच्या अंगात तोच करडा स्वेटर होता, गळ्यापर्यंत बटणे लावलेला. प्रकाशने एसीचा रिमोट उचलला.

“गार वाटतंय का? कमी करू?”

“राहू द्या, साहेब. आमची रेंज तळघरात आहे, पिस्तुलांचं कपाटही तिथंच. एसी रात्रंदिवस चालू.” कॅस्मिरने शांतपणे त्याच्या डोळ्यांत पाहिले. “जुलैतसुद्धा स्वेटर घालूनच उभं राहावं लागतं.”