तीन बोटं पेट्रोल

काडी पुन्हा तीन बोटं ओली निघाली.

पंजाबरावानं ती नाकाशी नेली. पेट्रोलच होतं. "पाहा दौलतसिंग! सात रविवार झाले. मोटर फिरून राह्यली, अन् टाकी काही आटत नाही!"

"तुमीच ओतता चोरून," शेजारच्या मालेगावचा भंगारवाला दौलतसिंग तोंड वाकडं करून म्हणाला.

"मारोतीची आन! थेंब नाही ओतला."

आणि ते खरंच होतं. एसटी आली, खासगी प्रवासी मोटरी बंद झाल्या, तेव्हा पंजाबरावानं पुसदच्या मालकाकडून ही जुनी मोटर घेऊन मेडशीत आपल्या अंगणात आणून उभी केली. लेकरासारखी जपली. पण आठवड्याला एकदा फिरवली नाही तर इंजन जाम होणार. त्यात चौऱ्याहत्तर साली पेट्रोलचा भाव दुपटीला टेकला आणि बायको केशरबाई पदर खोचून उभी राहिली. "घरातल्याईले पोसा, नाही तं अंगणातलीले!"

भंगारवाले वासावरच होते. अकोल्याचा एक जण तर दोनदा चक्कर मारून गेला. पण त्याच्या आधी दौलतसिंगानं सव्वा रुपया आणि नारळ पंजाबरावाच्या हातावर ठेवला. इसार झाला. एकदा इसार घेतला की वस्तू दुसऱ्याला द्यायची नाही, ही इकडची रीत. मोडली तर पंचक्रोशीत तोंड दाखवायची सोय नाही.

पंजाबरावानं एकच अट घातली. "टाकीतलं हाये तेवढं मी फिरवीन. काडी कोरडी निघाली, की घेऊन जा." त्या दिवशी तो जेवला नाही.

तेव्हापासून दर रविवारी मोटर पुलापर्यंत जाऊन येई. अख्खं गाव फुकटात बसे. शेजारची बेबीबाई तर शेळीसकट चढायची.

दौलतसिंगही रविवार चुकवत नसे. फटफटीच्या हँडलला भंगाराची पिशवी लटकवून सकाळीच हजर. आधी मोटरीचा पितळी भोंगा दाबून पाही. पितळ किती निघेल ते जोखत असणार मेला! मग हाक मारी, "वैनी, च्या मांडा! पंजाबराव, काडी आना!" काडी देवघरात असे. चहाशिवाय पाहुण्याला उठू द्यायचं नाही, म्हणून पंजाबराव काडी आणि कप घेऊनच बाहेर येई.

टाकी आटेना, तसा पंजाबरावाचा संशय बायकोवर गेला. "केशर, खरं सांग. तू तं नाही ओतत?"

"मी घासलेटाच्या रांगेत ताटकळतो, अन् तुमच्या या सवतीले पेट्रोल पाजीन? डोकं फिरलं काय?"

शेवटी बेबीबाईनंच निकाल दिला. "मोटरीलेच जायचं नाही बापा!" आणि तिनं बॉनेटला हळदकुंकू लावलं. शेळीलाही उरलेलं लावलं. पंजाबरावाला मनातून उकळ्या फुटत होत्या, पण इसार घेतलेला, हसायची चोरी.

"अकोल्याचा पुन्हा आल्ता," आज त्यानं दौलतसिंगाला सांगितलं. "दुप्पट देतो म्हने."

दौलतसिंगाचा कप हातातच थांबला. "मंग?"

"मंग काय! इसार तुमचा हाये, हाकलून देला."

"असंच करा. कोनी बी येवो, इसार माहा हाये म्हना. काडी कोरडी झाल्याबिगर मी सोडत नसतो." एवढं गुरकावून त्यानं आणखी एक कप चहा मागितला.

दुपारी मोटर पुलाकडे निघाली. दौलतसिंग उन्हात कपाळावर हात धरून ती वळणाआड जाईस्तोवर पाहत उभा राहिला. "आपलंच नशीब खोटं," असं पुटपुटत त्यानं फटफटीला किक मारली.

मालेगावला घरी पोचल्यावर त्यानं पिशवीतून रिकामा डबा काढून कोपऱ्यात ठेवला. त्याची बायको धनीबाई नाकाला पदर लावून म्हणाली, "पेट्रोल वाचवाले सहा दिवस सायकल हानता, अन् सातव्या दिवशी हे! आज किती ओतलं?"

"नेहमीएवढंच. जास्त झालं तं पंजाबरावले शंका येते."

मग त्यानं हात धुतले आणि भिंतीवरचा फोटो धोतराच्या सोग्यानं पुसला. फोटोत त्याचा बाप गोविंदसिंग ड्रायव्हरच्या खाकी कपड्यात बसला होता, आणि त्याचा एक हात त्याच पितळी भोंग्यावर होता.