हात घरी जातो

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने मातीचं नाक बसवलं, अंगठ्याने नाकपुडी दाबली आणि दोन पावलं मागे सरकली. टेबलावरून तिचे वडील तिच्याकडे बघत होते.

तिने हात धुतले, पुसले, पुन्हा पाहिलं. बाबाच. खालचा ओठ जरासा पुढे, आता कोणाची तरी फिरकी घेणार असल्यासारखा.

बेवारस कवटीच्या साच्यावर माती चढवून माणसाचा चेहरा घडवायचा, हा तिचा पदव्युत्तर शिक्षणाचा विषय. लोकांनी विचारलं की आई "मूर्तिकामासारखंच काहीतरी" म्हणायची आणि चहा टाकायला उठायची. परीक्षेत तिने घडवलेल्या चेहऱ्याशेजारी बंद पाकिटातला त्याच माणसाचा खरा फोटो ठेवला, तेव्हा परीक्षकांनी चष्मा काढून पुसला होता. पदवी हातात पडली आणि दोन महिन्यांत ती पोलिसांच्या प्रयोगशाळेत उमेदवारीवर लागली. पहिला चेहरा पसंत पडला तर कायम, नाहीतर नमस्कार. तिच्या आधीच्या दोघांना नमस्कार झाला होता.

विभागप्रमुखांना सगळे मागून फूटपट्टी म्हणत. ती त्यांच्या खिशात असे आणि बोलण्यातही. ते आले, चेहऱ्याभोवती एक फेरी मारली.

"कोण हे?"

खोटं बोलणं तिला जमत नसे. "माझ्या वडिलांसारखे दिसतायत, सर."

"हयात आहेत?"

"हो. म्हणजे, मी नऊ वर्षांची असताना घर सोडून गेले. दुसऱ्या बाईबरोबर."

फूटपट्टींनी सुस्कारा सोडला. चिडले मात्र नाहीत, आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

"हात घरी गेला तुमचा. कॉलेजात शिकवलं असेल ना?"

शिकवलं होतं. गाल, कपाळ, हनुवटी हाड सांगतं. त्यावर रबराचे खुंट लावायचे आणि तेवढ्या उंचीची माती भरायची. नाकाचं टोक, ओठ आणि कान यांच्याबद्दल हाड फारसं बोलत नाही, आणि तिथेच नवशिक्याचा हात घरी जातो. कोणी आजोबांचं नाक लावून ठेवतो, कोणी मावशीचे ओठ. म्हणूनच कवटी कुठे सापडली, कशी सापडली, हे घडवणाऱ्याला सांगायचंच नाही, असा विभागाचा नियम होता.

"मोडा आणि परत करा," फूटपट्टी म्हणाले. "शुक्रवारपर्यंत. पुन्हा घरचंच कोणी आलं तर मला काही करता येणार नाही."

ते गेल्यावर तिने दोन्ही हातांनी तो चेहरा ओरबाडला. पहिल्यांदा बरं वाटलं. इतक्या वर्षांचा राग होता, निघाला. मग ती मातीचा गोळा मांडीवर घेऊन हमसून हमसून रडली.

संध्याकाळी घरी आली तेव्हा आई कोणाच्या तरी परकराला काठ लावत होती. पुढची खोली हेच आईचं शिलाईचं दुकान. पूर्वी तिथे दोन मशिनी चालत. दुसरीवर बसणारी बाई बाबांबरोबर गेली, आणि त्या दोघांची चिठ्ठी त्याच मशीनवर आईला सापडली होती, शोधू नका म्हणून. आईने शोधलं नाही. डोळे फुटेस्तोवर शिवलं आणि मुलीला शिकवलं. आता नोकरी कायम झाली की आईला मशीनवरून उठवायचं, हा एकच ध्यास मुलीला लागला होता.

"आई, आज मी बाबा घडवले."

आईचा पाय थांबला. "म्हणजे गं?"

तिने सगळं सांगितलं. आई ऐकत राहिली. मध्येच उठून तिने दार लोटून घेतलं.

"मोडलास ना?"

"मोडला. पण परत तसाच झाला तर? गेली नोकरी!"

"का जाईल?" आईने तिचे हात आपल्या हातात घेतले. नखांत अजून माती होती. "नाक जरा बसकं कर. ओठ पातळ घे. कान म्हणशील तर ते डोक्याला चिकटलेले ठेव, त्यांचे बाहेर होते. काय काय टाळायचं ते मी सांगते तुला. मी नाही सांगणार तर कोण सांगणार?"

आईने एवढं त्यांच्याबद्दल बोलण्याची ही पहिलीच वेळ. मुलीला भरून आलं.

शुक्रवारी टेबलावर एक अगदी परका माणूस होता. बसकं नाक, पातळ ओठ, चिकटलेले कान. फूटपट्टींनी प्रत्येक खुंटाचं माप घेतलं आणि मान डोलावली. फोटो वर्तमानपत्रांत छापून आला. महिनाभर वाट पाहिली, पण ओळख पटवायला चिटपाखरूही फिरकलं नाही. फाइल बंद झाली.

"कोणी आलं नाही हा काही तुमचा दोष नव्हे," फूटपट्टी म्हणाले. "मापं चोख आहेत." आणि त्यांनी नेमणुकीचं पत्र पुढे केलं.

ती जवळजवळ पळतच घरी आली. आईने पत्र दोनदा वाचलं. "कायम" या शब्दावरून बोट फिरवलं आणि लेकीला घट्ट मिठी मारली. 

"आता मशीन बंद करायची," मुलगी म्हणाली. "आता तुला कसलीही काळजी नाही."

"नाही ना," आई म्हणाली, आणि लेकीच्या कपाळावरची बट मागे सारली. "ती कवटी निघाली तिथलं खोदकाम अजून चालू आहे म्हणतात. आणखी एक निघेल, बाईची. तिचंही नाक बदल."