अकरा मिनिटांची भिंगरी

मिनिट दुसरं

"काका, हे उलटं आहे," भिंगरी पडद्याच्या पुढून ओरडली.

फिटरकाका मागं प्रोजेक्टरपाशी उकिडवे बसले होते. फिल्म पडद्यावर मागून टाकायची असली की चित्र डावं-उजवं फिरवून घ्यावं लागतं, नाहीतर पुढून बघणाऱ्याला ते आरशातल्यासारखं दिसतं. काकांनी ते फिरवलं होतं. फिल्मवाल्या ताईंनीही घरूनच फिरवून पाठवलं होतं. कुणी कुणाला विचारलं नाही. दोनदा फिरलेलं चित्र पुन्हा आरशातलं झालं.

"तुला कसं कळलं?"

"रोज आरशात बघते ना. ही आरशातली मी आहे."

"एक बटण दाबलं की सरळ." काकांनी रिमोट उचलला. उद्यापासून गॅलरी लोकांना खुली होणार होती.

"थांबा!" भिंगरी पडद्याला वळसा घालून आत आली.

काका थांबले.

मिनिट पाचवं

पडद्यावर तळघरातला नाच सुरू झाला. टाचांचे बूट घातलेला एक मिशीवाला. केस बारीक कापलेली, टाय लावलेली एक बाई. आणि मधोमध चमकीच्या झग्यात, उंच टाचांवर भिंगरी, गरगर, गरगर. यात कोण बाप्या नि कोण बाई, हा नाद काकांनी सकाळीच सोडला होता. पडद्यामागची भिंगरी मात्र साध्या शर्ट-पँटीत, नखं खात उभी.

"पाचला आई येतेय. सगळ्यांच्या आधी बघायला मीच बोलावलं. काय आहे ते सांगितलं नाही."

"मग?"

"सरळ केलंत तर रोज तिच्यासमोर असतो तोच चेहरा होईल. झटकन ओळखेल. आरशातली मी फक्त मला माहितेय."

"मग राहू दे उलटं."

"आणि नाही ओळखलं तर?"

"मग सरळ करतो."

"काका, तुम्हाला काही समजतंय का?"

"शपथेवर सांगतो, नाही," काका म्हणाले. "वायरींचं काही असेल तर विचार."

मिनिट आठवं

"आहे का कुणी?"

भिंगरी जागच्या जागी गोठली. काका पडद्याच्या कडेनं पुढं आले. दारात एक बाई, खांद्याला पिशवी.

"चपला बाहेर काढायच्या का हो भाऊ?"

"नाही, नाही. या ना ताई."

"आमचा मुलगा इथं भेटणार होता. पाच म्हणाला होता."

"येईल हं," काका म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली. मुलगा म्हणजे कोण ते त्यांना कळलं. मग कळेनासं झालं. मग पुन्हा कळलं.

"तोवर हे बघते."

बाई पडद्यासमोर मधोमध उभ्या राहिल्या. कडेच्या फटीतून भिंगरीचा हात बाहेर आला. बोट गोल फिरलं: फिरवा. काकांनी बटण दाबलं. चित्रातल्या भिंगरीनं एका क्षणात कूस बदलली. हात जोरजोरात हलला: नको, नको. काकांनी पुन्हा दाबलं.

"काय झालं?"

"तपासतोय, ताई."

"तपासा. मला काही घाई नाही."

मिनिट अकरावं

शेवटी भिंगरी थेट समोर बघून हसते. घामानं केस गालाला चिकटलेले, श्वास वर-खाली. बाईंचा चेहरा आधी लाल झाला, मग निळा, पण ते तळघरातले दिवे होते. त्या चेहऱ्यावरून काकांना काही म्हणता काही

मिनिट पहिलं, पुन्हा

कळलं नाही. फिल्म परत सुरूही झाली.

"निघते मी," बाई म्हणाल्या. "मुलगा आला तर सांगा, आई येऊन गेली. किल्ली शेजारी ठेवलीय, उशीर करू नकोस म्हणावं."

"सांगतो."

दारापाशी त्या वळल्या.

"आणि त्या पोरीला म्हणावं, एवढ्या उंच टाचांवर गिरक्या घेऊ नकोस. पुढं कंबर धरते."

"कुठल्या पोरीला?"

"ती हो, चमकीवाली. नाचते मात्र झकास."

गेल्या.

काका पडद्यामागं आले. तिथं पहिल्या मिनिटातल्या गाण्यानं स्पीकरचा नुसता दणदणाट. भिंगरी दोन्ही कानांवर तळवे दाबून, डोळे गच्च मिटून उभी होती. काकांनी तिच्या खांद्याला हात लावला तशी ती दचकली.

"गेली? काय म्हणाली?"

"दोन निरोप दिलेत!" काका आवाजावर आवाज काढून ओरडले.

"दोन? कुणाकुणाला?"

सांगायला म्हणून काकांनी बोट उचललं, आणि ते तसंच हवेत राहिलं.