चोवीस भोकं

दुकानदाराने हेडफोन कानाला लावलाच नाही. आधी तो तळहातावर तोलला, मग खिडकीपाशी नेऊन उजेडात फिरवला, मग त्याचा वास घेतला.

"शिसवी?"

"अस्सल," सासरे म्हणाले. आयुष्यभर फर्निचर करून ते निवृत्त झाले होते, आणि या हेडफोनच्या लाकडी वाट्या त्यांनी कोरल्या होत्या. आतलं सगळं, म्हणजे ज्यामुळे त्याला हेडफोन म्हणायचं ते, जावयाचं होतं.

जावयाची नजर वाटीच्या पाठीवर गेली आणि तिथेच अडकली. तिथे भोकं असायला हवी होती. एकेका वाटीला बारा, मिळून चोवीस. त्यातून हवा खेळते म्हणून आवाज मोकळा होतो, आणि ती नेमकी कुठे नि केवढी हवीत हे शोधण्यात त्याची तीन वर्षं गेली होती. तीन वर्षं घरातलं जेवणाचं टेबल त्याच्या तारांखाली होतं आणि घर मांडीवर ताट घेऊन जेवत होतं. आज या दुकानाची ऑर्डर मिळाली तर ठीक, नाहीतर रविवारी मी टेबलावर जेवणार आणि तुझं सामान भंगारात जाणार, असं बायकोने सकाळी चहा ओतता ओतता सांगितलं होतं. आवाज न चढवता सांगितलं होतं, म्हणजे नक्की होतं.

"बाबा, भोकं कुठे गेली?" त्याने सासऱ्यांच्या कानाशी लागून विचारलं.

"बुजवली," सासरेही तितक्याच हळू म्हणाले. "काल तुम्ही ऑफिसला गेलात तेव्हा. पुट्टी भरली, वरून पॉलिशचे चार हात मारले. शिसवाला भोकं कसली ठेवता, जावईबापू? लोक म्हणतील वाळवी लागली."

आभार मानायची गरज नाही, असा चेहरा करून ते खुर्चीत मागे रेलले.

तेवढ्यात दुकानदाराने हेडफोन चढवून गाणं लावलं. त्यात आता काय ऐकू येत असेल हे जावयाला न ऐकताच कळत होतं. गायिकेला रजईत गुंडाळून कपाटात कोंडलेलं होतं आणि ढोलवाला कपाटावर चढून बसला होता.

दुकानदाराने डोळे मिटले. मिनिटभर ऐकलं. मग वाटीवर टिचकी मारली आणि टिचकीच्या आवाजावर पहिल्यांदा मान डोलावली.

"आवाजाला वजन आहे," तो म्हणाला.

जावयाला राहवलं नाही. त्याने पिशवीतून स्वतःचा हेडफोन काढला. वाट्यांच्या जागी नळाच्या पाइपची टोपणं, वर लेकीच्या जुन्या दप्तराचा पट्टा, कानाशी भांडी घासायचा स्पंज. आतलं यंत्र तेच आहे, फक्त भोकं उघडी आहेत, एकदा ऐकून बघा, असं त्याने विनवलं. दुकानदाराने तो दोन बोटांत धरून उचलला, हे डॉक्टरांनी दिलंय का म्हणून चौकशी केली, आणि आजच केस कापून आलोय असं सांगून खाली ठेवला.

मग तो ऑर्डरचं पुस्तक शोधायला आत गेला. सासऱ्यांना नुसतं बसून राहायची सवय नव्हती. जावयाची तीन वर्षं हे त्यांच्या लेखी एक दुखणं होतं, ज्याबद्दल पाहुण्यांसमोर बोलायचं नसतं. त्या दुखण्यातून निघालेली वस्तू त्यांनी आजवर कधी डोक्यावर घेतली नव्हती. आता हाताला चाळा म्हणून घेतली. जावयाने तार जोडून तेच गाणं लावलं.

सासऱ्यांनी एकदा मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"ही बाई गायच्या आधी श्वास घेते," कान झाकलेले असल्याने ते सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं बोलले. थोड्या वेळाने म्हणाले, "कुणीतरी खुर्ची सरकवली. लाकडी आहे. एक पाय आखूड."

दुकानदार पुस्तक घेऊन आला. पन्नास नग, त्याने जाहीर केलं आणि पेनाचं टोपण काढलं. जावयाला जेवणाचं टेबल डोळ्यांसमोर दिसलं, चारही पायांवर भक्कम. सासरे हेडफोन उतरवून उभे राहिले.

"थांबा. त्या शिसवीतला आवाज मी मारलाय. चोवीस भोकं बुजवलीत मी. तासाभरात उघडून देतो, मग ऐका."

सासऱ्यांबद्दल जावयाला इतकं प्रेम कधी वाटलं नव्हतं, आणि त्यांचं तोंड दाबून धरावं असंही कधी वाटलं नव्हतं.

दुकानदाराने वाटी उलटी केली आणि तिच्या गुळगुळीत पाठीवरून अंगठा फिरवला.

"इथे भोकं?" तो म्हणाला. "नको हो. वाळवी लागल्यासारखं दिसेल."

आणि त्याने लिहिलं: पन्नास नग. आवाज नमुन्याप्रमाणे.

तेव्हापासून टेबलावर काम चालू आहे. जावई प्रत्येक वाटीला मोजून बारा भोकं पाडतो. सासरे ती एकेक करून बुजवतात, पुट्टी फार घट्ट न दाबता, डोक्यावर दप्तराचा पट्टा अडकवून. मधेच "पुन्हा श्वास घेतला" म्हणून ओरडतात. बुजवायचीच आहेत तर पाडता कशाला, असं बायकोने मांडीवरचं ताट सावरत एकदा विचारलं. दोघांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने भाजी वाढून घेतली.

पहिला डबा बंद करण्याआधी सासऱ्यांनी आतल्या मखमलीवर एक दाभण आणि एक चिठ्ठी ठेवली. चिठ्ठीवर सुतारी पेन्सिलने, फळीवर माप लिहावं तशा ठळक अक्षरांत, एवढंच होतं:

आवाजही हवा असल्यास.