बाराच्या खाली

"दहा," ती म्हणाली आणि घड्याळाकडे बघत तिने बाबांच्या छातीवर पुन्हा हात ठेवला. पुन्हा पूर्ण मिनिट मोजलं. दहाच.

दुखण्यावरचं मॉर्फिन कित्येक महिने चालू होतं, त्याची बाटली उशाशी होती. दर चार तासांनी द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि चार तास केव्हाच उलटून गेले होते. बाबा टक्क जागे होते. पोटातल्या कॅन्सरची कळ उठली की ते पलंगाची कड धरत, आणि धरलेली बोटं पांढरी पडत.

"अगं, दे ना," आई म्हणाली. "कशाची वाट बघतेस?"

"श्वास बाराच्या खाली आहेत. या औषधाने श्वास आणखी मंदावतो. द्यायचं नसतं."

"माणूस तळमळतोय आणि तू श्वास मोजत बसलीस!"

"आई, तुला काय कळतं त्यातलं?"

खरंच, आईला काय कळत होतं? घरात शिकलेली लेकच एकटी. तीही नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, आणि औषधशास्त्रात एकदा सपशेल आपटलेली. ती आपटल्यावर बाबांनीच पुस्तक हातात घेतलं होतं. जन्मभर कंडक्टरकी केलेला माणूस. नावं वाचताना जीभ अडखळायची, पण सोडायचे नाहीत. पडल्या पडल्या रोज तिची तोंडी परीक्षा घ्यायचे. "हं, सिस्टरबाई, माझं औषध सांगा. श्वास बाराच्या खाली गेले तर?" ती म्हणायची, "डोस थांबवायचा, डॉक्टरांना कळवायचं." "आणि पेशंट गयावया करायला लागला तर?" "तरी थांबवायचा." मग ते खूश व्हायचे. "बरोबर. तिकीट नाही तर गाडीत पाऊल नाही. नियम म्हणजे नियम."

डॉक्टरांना तिने किती वेळा फोन लावला, तिचं तिलाच आठवत नव्हतं. नुसती रिंग वाजत होती.

"सिस्टरबाई," बाबा म्हणाले. आवाज फाटला होता. "थोडंसं दे. अर्धं दे."

तिने बाटली उचलली. झाकण फिरवलं. अर्धा डोस तरी सोसेल याचा भरवसा नव्हता. आपल्या हातून बाप जायला नको, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. तिने झाकण पुन्हा लावलं.

"बाबा, बाराच्या खाली आहेत हो."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. त्या तसल्या कळांमध्येही त्यांना हसू आलं, किंवा तिला तसं वाटलं.

"पाठ झालंय तुझं," ते म्हणाले.

त्यानंतर ते बोलले नाहीत, नुसते कण्हत राहिले. आईने ओल्या फडक्याने त्यांचं तोंड पुसलं, पाय दाबले, देवाला नाही नाही ते बोलली. संध्याकाळी कण्हणं थांबलं. बाटली अर्ध्याहून जास्त भरलेली होती.

महिनाभराने तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम वयस्क होत्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी टेबलावरच्या चिठ्ठ्यांमधली एक उचलायला लावली. चिठ्ठीवर मॉर्फिन होतं.

"श्वास बाराच्या खाली गेले तर?"

"डोस थांबवायचा. डॉक्टरांना कळवायचं." मग तिने उताऱ्याचं औषध सांगितलं, त्याचा डोस सांगितला. कुठेही अडखळली नाही.

"छान. गेल्या खेपेला नापास होतीस ना? या वेळी तयारी कोणी करून घेतली?"

"बाबांनी."

"वा! नशीबवान आहेस." मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. पोरगी हुशार दिसली की मास्तर लोकांना जरा पुढचं विचारायची खुमखुमी येतेच. "बरं, हे सांग. पेशंट शेवटच्या दिवसांत आहे. कित्येक महिने हेच औषध चालू आहे. टक्क जागा आहे, दुखतंय म्हणतोय. आणि श्वास दहा आहेत. मग?"

"थांबवायचा," ती म्हणाली. "बाराच्या खाली..."

"नाही गं. तिथे नुसता आकडा बघून अडवायचं नसतं. त्याचं शरीर सरावलेलं असतं, आणि दुखणारा माणूस जागा आहे तोवर औषध त्याला सोसतंय. जपून द्यायचं, जवळ बसायचं. अशा माणसाला तळमळत ठेवत नाहीत."

तिने टेबलाची कड धरली.

"अगं, घाबरलीस काय अशी? हा भाग तुम्हाला पुढच्या वर्षी आहे." मॅडमनी कागद पुढे ओढून मार्क लिहायला घेतले. "त्याचे मार्क मी कापत नाही."

"कापा ना, मॅडम," ती म्हणाली.