इथं दहा, घरी सात

“सर, माझ्या मुलीचं वय तुम्ही खोटं लिहिलंय.”

सॉफ्टबॉलचा संघ तीन दिवसांसाठी अकोल्याला निघाला होता. दहा वर्षांखालच्या मुलीला बाहेरगावी नेता येत नाही. माझी ईश्वरी सात वर्षांची, अन् फॉर्मवर दहा.

“खाली सही कुणाची आहे, ताई?” सर हसले.

सही माझीच. सर कोरे फॉर्म घरी पाठवतात, आम्ही आया डोळे झाकून सह्या करतो.

मी लेकीलाच विचारलं, “किती वर्षांची गं तू?”

तिनं आधी सरांकडे पाहिलं. मग पुढचे दात पडलेल्या तोंडानं म्हणाली, “इथं दहा. घरी सात.”

मी तिची बॅग जीपमधून खाली ओढली.

“सही माझी, कबूल. पण हे उत्तर तिच्याकडून कुणी पाठ करून घेतलं, सर?”